पगारी ड्रायव्हर, ठेक्याची गाडी की स्वतःचा ट्रक? नागपूरच्या चालकांनी हिशेब कसा मांडावा

नागपुरात एकच दहा चाकी ट्रक पाच वेगवेगळ्या बोलीवर चालतो. वाडी, कापसी किंवा कळमन्यात उभ्या असलेल्या पाच सारख्या गाड्यांच्या चालकांना बोली विचारली, तर पाच उत्तरं येतील. एकाला महिन्याचा पगार आणि रोजचा भत्ता मिळतो. दुसऱ्याला फेऱ्यामागे ठोक रक्कम मिळते, डिझेल-टोल त्यातूनच भरायचा आणि उरेल ते त्याचं. तिसरा भाड्याच्या टक्क्यावर आहे. चौथ्याने गाडी ‘हप्त्यावर’ घेतली आहे, पण आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे. पाचव्याची गाडी खरोखर त्याची स्वतःची आहे. ती तो बाजारातल्या भाड्यावर चालवतो किंवा बुटीबोरी, हिंगण्याच्या एखाद्या कंपनीकडे लावतो.

यातला पहिला नोकर आणि पाचवा व्यावसायिक, हे सरळ आहे. मधले तिघे अडचणीत येतात. तोटा व्यावसायिकासारखा सोसायचा आणि हुकूम नोकरासारखा ऐकायचा, अशी त्यांची स्थिती असते. म्हणून नोकरी चांगली की धंदा, हे ठरवण्याआधी आपण या पाचांपैकी नेमके कुठे आहोत ते तपासा. नोकरीतून निघून धंद्यात जाण्यात काही वावगं नाही. पण मध्येच अडकून राहू नका, एवढं या लेखाचं ठाम म्हणणं आहे.

आधी आपली बोली तपासा

करारावर ‘स्वतंत्र ठेकेदार’ लिहिलं म्हणून कोणी ठेकेदार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मीठ पिकवणाऱ्या अगरियांना कामगार ठरवलं. त्यांना उत्पादनावर पैसे मिळत आणि ते स्वतःचे मदतनीसही ठेवत. तरी काम कसं करायचं यावर कंपनीचं नियंत्रण होतं, आणि न्यायालयाने तेच महत्त्वाचं मानलं. १९७८ च्या हुसेनभाई खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. मध्ये ठेकेदार दाखवला असला तरी कामगाराची रोजीरोटी ज्याच्या हातात आहे, तोच खरा मालक, असं त्यात सांगितलं आहे.

ट्रकच्या बाबतीत पुढचे प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून काढा. माल नाकारता येतो का? नाकारला तर पुढच्या आठवड्यात गाडी काढून घेतात का? एक फेरा दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवता येतो का? रिकाम्या दिवशी दुसऱ्या कुणाचा माल भरता येतो का? सुट्टीला परवानगी लागते का? आरसी, विमा आणि परमिट कोणाच्या नावावर आहे? भाडं कोण ठरवतं, आणि पार्टीकडून (माल पाठवणाऱ्याकडून) आलेलं खरं भाडं तुम्हाला कळतं का? टायर फुटला तर पैसे कोण देतं?

पहिल्या सातांची उत्तरं मालकाकडे झुकत असतील आणि शेवटच्या एकाचं उत्तर ‘मी’ असेल, तर तुम्ही कामाने नोकर आहात आणि खर्चाने मालक. अशा बोलीत एकतर खर्च मालकाकडे परत ढकला, नाहीतर निर्णय स्वतःकडे घ्या. ठोक खर्चावर गाडी चालवणाऱ्याने निदान मुक्कामाचे (गाडी थांबवून ठेवल्याचे) पैसे, टायर, पंक्चर आणि वाट बदलल्यास वाढीव किलोमीटर हे ठोक रकमेबाहेर आहेत, असं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावं. मेसेजसुद्धा पुरावा होतो.

नोकरीचा खरा पगार किती?

हातात येतो तेवढाच पगार मोजला की नोकरी नेहमी स्वस्त दिसते. एक उदाहरण मांडू. मूळ पगार १५,००० रुपये, भत्ता दिवसाला ४०० प्रमाणे २५ दिवसांचे १०,०००. दिसायला २५,००० झाले. मालकाची संस्था नियमात चालत असेल, तर त्यावर न दिसणारी रक्कम अशी चढते.

मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४८७. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याकाठी ७२१. भरपगारी रजा २० दिवस कामामागे एक, वर्षाच्या १५ धरल्या तर महिन्याला आणखी ७२१. किमान बोनस ८.३३ टक्के; तो ७,००० रुपयांवर मोजला तरी ५८३. एकूण साधारण ४,३०० रुपये. म्हणजे २५,००० ची नोकरी प्रत्यक्षात २९,३०० ची आहे. ‘ठेक्यावर ये, महिन्याला २७ हजार पाडून देतो’ असं कोणी म्हणत असेल, तर तो तुमचा पगार दोन हजारांहून अधिक कमी करतो आहे.

मात्र हे सगळं सगळीकडे लागू होत नाही. पीएफ आणि बोनससाठी संस्थेत २० कर्मचारी लागतात, ईएसआय आणि ग्रॅच्युइटीसाठी १०. ईएसआयला पगाराची मर्यादा २१,००० आहे. दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करत असाल, तर वरच्या ४,३०० पैकी फारसं काही मिळणार नाही, आणि मग ठेक्याची तुलना वेगळी होते. मालकाकडे किती माणसं आहेत हे विचारायला लाजू नका. पीएफ कापला जातो म्हणतात, पण यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर देत नाहीत, अशा ठिकाणी उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून पाहा. पगारातून कापून न भरलेला पीएफ ही गंभीर बाब आहे. त्याची तक्रार ईपीएफओच्या नागपूर विभागीय कार्यालयात करता येते. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. नऊ वर्षं झाल्यावर ठेक्यावर जाणाऱ्याने ही गोष्ट दोनदा तपासावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा त्यांत सामावला. पगारी चालकाने त्यातल्या काही गोष्टी पाठ कराव्यात. नेमणूकपत्र मिळालंच पाहिजे. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर कामाला दुप्पट दर. रजेचा हक्क वर्षात १८० दिवस भरल्यावर लागतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. नोकरी सुटली तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक नाही. मालाची तूट किंवा गाडीचं नुकसान पगारातून कापायचं असेल, तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि नुकसान तुमच्या हयगयीने झालेलं असावं लागतं. ‘मागच्या फेऱ्यात तीन पोती कमी आली, तुझ्या पगारातून गेली’ एवढ्यावर पैसे कापता येत नाहीत.

उचलीबद्दल एक सांगणं. वर्षाच्या सुरुवातीला पन्नास हजारांची उचल घेतली की चालकाला नोकरी बदलता येत नाही आणि पगारवाढ मागता येत नाही. उचल घ्यावीच लागली, तर परतफेडीचा महिना आणि रक्कम लिहून घ्या आणि प्रत्येक कपातीची सही-पावती ठेवा.

स्वतःच्या ट्रकचा हिशेब

इथे बहुतेकांची चूक एकच असते. भाड्यातून डिझेल-टोल वजा केला की उरलेली रक्कम कमाई वाटते. पण टायर रोज थोडा थोडा झिजतो आणि विम्याचा दिवस वर्षातून एकदाच येतो. म्हणून सगळं महिन्यावर आणून मांडायचं.

उदाहरणासाठी पाच-सहा वर्षं जुना, २८ टन पासिंगचा (मालासह एकूण मंजूर वजनाचा) दहा चाकी घेऊ. किंमत २० लाख. ५ लाख स्वतःचे, १५ लाख कर्ज, व्याज १४ टक्के, मुदत ४ वर्षं. हप्ता येतो ४०,९९० रुपये. महिन्याला २५ दिवसांत ७,००० किलोमीटर धरले, म्हणजे दिवसाला २८०. एकट्या चालकाने झोप मोडून न घेता करण्याजोगं हे काम आहे. त्यातले ५,६०० किलोमीटर भरलेले आणि १,४०० रिकामे. भरलेल्या किलोमीटरला ५० रुपये भाडं. नागपूर ते हैदराबाद साधारण ५०० किलोमीटर, १८ टन मालाला २५,००० रुपये, असं समजा. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या मार्गाचे घालून हीच बेरीज पुन्हा करा.

जमा: २,८०,००० रुपये.

डिझेल: भरलेली-रिकामी मिळून लिटरला सरासरी ४ किलोमीटर, म्हणजे १,७५० लिटर, लिटर ९१ रुपयांनी १,५९,२५०.
बीएस-६ गाडीचा युरिया, डिझेलच्या साधारण ४ टक्के: ४,२००.
टोल: ३०,०००.
टायर, रबर चढवण्यासह किलोमीटरला २ रुपये: १४,०००.
सर्व्हिसिंग, ग्रीस, ब्रेक, क्लच, किरकोळ काम: ८,०००.
विमा, वर्षाचे ७५,००० धरून: ६,२५०.
परमिट, कर, फिटनेस: ३,५००.
दलाली, हमाली, वाराई, काटा: ६,०००.

हे सगळं वजा जाता ४८,८०० राहतात. हप्ता भरल्यावर ७,८१०. रस्त्यावरचं जेवणसुद्धा त्यातूनच. पगारी माणसाच्या २९,३०० शेजारी हा आकडा ठेवून पाहा. चार वर्षांनी हप्ता संपल्यावर ४८,८०० मिळतील हे खरं, पण तेव्हा गाडी दहा वर्षांची झालेली असेल. साध्या गाडीला नॅशनल परमिट १२ वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टी-अ‍ॅक्सलला (दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीला) १५ पर्यंत. म्हणून खरेदीच्या दिवशीच तिचं ‘उरलेलं परमिट-आयुष्य’ मोजा.

विम्याचा आकडा अनेकांना जास्त वाटतो, पण तो तसाच आहे. २० ते ४० टन वजनाच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्याचा हप्ताच २०२२ च्या दरपत्रकानुसार ४३,९५० रुपये आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि कर त्यावर वेगळे. नॅशनल परमिटचं एकत्रित शुल्क वर्षाला १६,५०० रुपये.

या पूर्ण गणिताला दोन आकडे हलवतात. पहिला भाव. भाडं ५० ऐवजी ५४ मिळालं, तर महिन्याला २२,४०० वाढतात आणि हातात ३०,२१० येतात. दुसरा, आणि जास्त घातक, रिकामे किलोमीटर. ते २० टक्क्यांवरून ३५ वर गेले, तर जमा ५२,५०० ने घटते. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, त्यात आठ-नऊ हजार वाचतील. तरी महिन्याला पस्तीस हजारांच्या वर खिशातून जातील. म्हणजे परतीचा माल हाच या धंद्याचा कणा आहे. ज्याला परतीचं भाडं कुठून मिळेल हे माहीत नाही, त्याने गाडी घेऊ नये.

इथे नागपूरचा फायदा मोठा आहे. श्रीनगर-कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ इथेच एकमेकांना छेदतात. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही इथूनच निघतो. चारही दिशांना माल मिळतो. पण तो वर्षभर सारखा मिळत नाही. संत्र्याचा आंबिया बहार पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत आणि मृग बहार फेब्रुवारीपासून पुढे गाड्या ओढतो. कापसाच्या गाठी हिवाळ्यात निघतात. कोळसा, चंद्रपूरकडचं सिमेंट आणि रायपूर-भिलाईकडचं लोखंड बारा महिने असतं. पावसाळ्यात मात्र बांधकामाचा माल मंदावतो आणि वाळूघाट बंद असतात. वर्षाचा हिशेब मांडताना चार महिने भरलेले किलोमीटर पंधरा टक्क्यांनी कमी धरा. जून ते सप्टेंबरचे हप्ते हिवाळ्यात बाजूला काढून ठेवलेले असले पाहिजेत.

मुक्कामाचं भाडंही याच गणितातून काढायचं. हप्ता, विमा आणि परमिट मिळून महिन्याला ५०,७४० म्हणजे दिवसाला १,६९१. त्यात तुमची स्वतःची हजार रुपये मजुरी मिळवा. गाडी गोदामासमोर एक दिवस उभी राहिली की २,७०० रुपये जातात. पार्टी दिवसाला पाचशे-हजार मुक्काम देत असेल, तर उरलेलं नुकसान तुमच्या माथी येतं.

ओव्हरलोडचा मोहसुद्धा हिशेबाने सुटतो. पाच टन जास्त भरले तर हैदराबादच्या फेऱ्याला साधारण सात हजार जास्त मिळतात. पकडलं तर कायद्यात २०,००० आणि प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, म्हणजे ३०,०००. शिवाय जादा माल उतरवायची हमाली आणि गेलेला दिवस. एका दंडात चारपेक्षा जास्त फेऱ्यांची जादा कमाई जाते. टायर, पाटे आणि ब्रेकची झीज यात धरलेलीच नाही. पगारी चालकानेही लक्षात घ्यावं की कायदा गाडी चालवणाऱ्यालाही पकडतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही.

अपघात झाला तर घरी काय मिळेल?

या प्रश्नावर सगळ्यात कमी बोललं जातं. नोकरी आणि धंदा यांतला सर्वात मोठा फरक मात्र इथेच आहे.

पगारी चालक कामावर असताना गेला, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येते. मालकाकडे एकच गाडी असली तरी ती येते. भरपाईचं सूत्र असं: मृत्यू झाल्यास पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. वय ३५ ला गुणक १९७.०६ आहे. महिन्याला १५,००० पगार धरला, तर ७,५०० गुणिले १९७.०६ म्हणजे १४,७७,९५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० ऐवजी ६० टक्के. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. गाडीच्या विम्यात पगारी चालकाची जबाबदारी धरलेली असते, त्यामुळे पैसे बहुधा विमा कंपनी देते. चालक ईएसआयमध्ये असेल, तर ही भरपाई मिळत नाही. त्याऐवजी कुटुंबाला पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने ईएसआयकडून दरमहा रक्कम मिळते.

स्वतःची गाडी चालवणारा मात्र स्वतःच्या पॉलिसीत ‘तिसरा माणूस’ नसतो आणि पगारी चालकही नसतो. त्याला मिळतो तो फक्त मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. तोही आरसी त्याच्या नावावर आणि लायसन्स चालू असेल तरच. पॉलिसी घेताना हा भाग हप्ता कमी करायला गाळलेला नाही ना, ते पाहा.

सर्वात वाईट अवस्था मधल्यांची. गाडी दुसऱ्याच्या नावावर, आणि कागदावर तुम्ही ‘ठेकेदार’ किंवा ‘भाडेकरू’. मालक म्हणतो, हा माझा नोकर नाही. विमा कंपनीही तेच म्हणते. मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा नुकसानभरपाईसाठी मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे तिसऱ्या माणसाचा दावाही टिकत नाही. पदरात पडला तर मालकाचा वैयक्तिक अपघात विमा, तोही पॉलिसीच्या अटींत बसला तर. हप्त्याची गाडी चालवणाऱ्याने हे घरी सांगून ठेवावं आणि आरसी लवकरात लवकर नावावर करून घ्यावी.

धंद्यात जाणाऱ्याने स्वतःची तटबंदी स्वतः बांधायची असते. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा या सरकारी योजना बँक खात्यातून चालू होतात. पहिलीला वय १८ ते ७०, दुसरीला १८ ते ५०. एवढ्यावर थांबू नका, कारण डोक्यावर पंधरा लाखांचं कर्ज आहे. किमान तेवढ्याचा मुदत विमा वेगळा घ्या, म्हणजे गाडी ओढून नेली जाणार नाही. पगारी नोकरीतला पीएफ थांबला, तर महिन्याला त्याचे ३,६०० (तुमचे आणि मालकाचे मिळून) कुठेतरी जमा व्हायला हवेत. ते हिशेबात खर्च म्हणूनच लिहा.

कंपनीकडे गाडी लावायची असेल तर करारात काय हवं

बाजारातल्या भाड्यात लोडिंगच्या वेळी ८०-९० टक्के आगाऊ मिळतात आणि उरलेले पोच पावती आल्यावर. कंपनीकडे लावलेल्या गाडीला काम नियमित असतं, पण पैसे उशिरा येतात. वरच्या उदाहरणात डिझेल, युरिया आणि टोलचेच महिन्याला १,९३,४५० जातात. बिल ४५ दिवसांनी मिळणार असेल, तर जवळपास २ लाख ९० हजार सतत तुमच्या खिशातून अडकून राहतील. हे भांडवल नसेल तर करारच करू नका, किंवा डिझेल कंपनीच्या कार्डावर मागा. कार्डावरच्या डिझेलचा दर पंपाच्या फलकावरचाच कापला जातो ना, ते पहिल्या बिलात पडताळा.

सर्वात महत्त्वाचं कलम डिझेलवाढीचं. ‘दरवाढ झाल्यास दर वाढवून दिला जाईल’ असं मोघम वाक्य उपयोगाचं नाही. आकडा घाला. गाडी सरासरी ४ देते, म्हणजे डिझेल एक रुपयाने वाढलं की किलोमीटरला २५ पैसे वाढतात. पण भाडं फक्त भरलेल्या किलोमीटरला मिळतं, त्यामुळे मागणी ३१ पैशांची हवी. कराराच्या तारखेचा नागपूरचा पंपदर करारातच लिहून ठेवा, नाहीतर वाढ मोजायची कशावरून यावरच वाद होतो.

त्याशिवाय महिन्याला किमान किलोमीटर किंवा फेऱ्यांची हमी मागा. भरायला-उतरवायला किती तास फुकट आणि त्यानंतर मुक्काम किती, तेही लिहून घ्या. मालाच्या तुटीची टक्केवारी ठरवून ठेवा, म्हणजे कोळसा-सिमेंटमधली नैसर्गिक घट तुमच्यावर येणार नाही. दंडाला महिन्याची कमाल मर्यादा हवी. करार मोडायला दोन्ही बाजूंना सारखीच, किमान ३० दिवसांची, नोटीस हवी. ‘इतर कुणाचा माल भरणार नाही’ हे कलम असेल आणि हमी नसेल, तर ती नोकरीच आहे, फक्त पगाराशिवाय. त्यावर सही करू नका.

उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. लघुउद्योगाला लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक असतं. थकलेल्या बिलासाठी सुविधा परिषदेकडे जाता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा.

कराचं थोडक्यात. दहापर्यंत गाड्या असलेल्याने पॅनसह लेखी निवेदन दिलं, तर भाड्यातून टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापला जात नाही. प्रत्येक पार्टीला वर्षाच्या सुरुवातीलाच ते द्या. १२ टनांवरच्या गाडीचं उत्पन्न टनामागे महिन्याला १,००० रुपये असं गृहीत धरून विवरणपत्र भरता येतं. २८ टनाला वर्षाचे ३,३६,००० होतात. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तो महिना मोजला जातो. कर लागत नसला तरी विवरणपत्र भराच, पुढच्या कर्जाला तेच लागतं. बिल्टी (मालाची वाहतूक पावती) न काढता ट्रान्सपोर्टरला गाडी भाड्याने देणाऱ्याच्या भाड्यावर जीएसटी नाही.

गाडी घेण्याआधी तीन महिने

नोकरी सोडण्याआधी तीन महिने एक वही ठेवा. मालकाचीच गाडी चालवताना प्रत्येक फेऱ्याचे भरलेले आणि रिकामे किलोमीटर, डिझेल, टोल, थांबलेले तास आणि शक्य असेल तिथे पार्टीचं भाडं लिहा. त्यातला एक महिना पावसाळ्यातला असेल तर उत्तम. तीन महिन्यांत रिकामे किलोमीटर २५ टक्क्यांच्या खाली आले नाहीत, तर त्या मार्गावर स्वतःची गाडी चालणार नाही. मार्ग बदला किंवा नोकरीतच राहा.

पैशांची तयारी डाउन पेमेंटपुरती नको. तीन हप्ते म्हणजे १,२३,०००, दोन टायरचे ४४,००० आणि वर्षाचा विमा ७५,००० असे जवळपास अडीच लाख वेगळे हवेत. म्हणजे वरच्या गाडीसाठी ५ नव्हे, साडेसात लाख. कंपनीकडे लावायची असेल तर अडकणारे २ लाख ९० हजार त्यावर आणखी.

जुनी गाडी घेताना इंजिनाइतकाच वेळ कागदांना द्या. परिवहन पोर्टलवर कर, फिटनेस, परमिट आणि थकीत चलानं पाहा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर फायनान्सचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर ३० दिवसांत आरसी नावावर करायला अर्ज द्या, विमा १४ दिवसांत बदला. गाडी मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडची असेल, तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात घ्या. परमिट आपोआप बदलत नाही, त्याचा अर्ज वेगळा. विकणाऱ्याने हेही समजून घ्यावं: आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याकडेच मागितली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून नाव बदलण्याची घाई दोघांनाही हवी.

नवी गाडी घेत असाल, तर १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीचं आहे. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात दुपारी गाडी चालवणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. डिझेलचा थोडा फरक पडला तरी चालवता येणारे तास वाढतात.

कधी थांबायचं हे आधीच ठरवा

गाडी घेतली त्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: कोणत्या आकड्याला गाडी विकायची, आणि कोणाशी बोलून. एक व्यवहार्य मर्यादा अशी. लागोपाठ दोन हप्ते बचतीतून किंवा उसने घेऊन भरले, तर तिसऱ्याची वाट न पाहता विक्रीची बोलणी सुरू करायची. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत गणलं जातं, आणि ओढून नेलेली गाडी यार्डातून लिलावात जाते. तिथे तिला चालत्या गाडीचा भाव येत नाही, आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते. त्याआधी फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करायचं लेखी आकडेपत्र घ्या. गिऱ्हाइकाचे पैसे थेट कर्ज खात्यात भरा, ना-हरकत आणि फॉर्म ३५ घ्या. आरसी गिऱ्हाइकाच्या नावावर झाल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत चालू विमा रद्द करू नका.

पुन्हा नोकरीवर जायचं असेल, तर जुना यूएएन नंबरच द्या, नवा काढू देऊ नका. आधीची वर्षं पेन्शनच्या दहा वर्षांत जोडली जावीत म्हणून पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करायचा अर्ज करा. गाडी चालवलेल्या काळातली विवरणपत्रं आणि लायसन्सच्या नूतनीकरणाची पावतीही त्या फाइलमध्ये ठेवा. ट्रान्सपोर्ट लायसन्स दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं.